‘अलीकडचं, दखल नको’: पुरातत्त्वात काम करणाऱ्या सगळ्यांना एक खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र खात्यातल्या लोकांना आहे, कॉलेजात शिकवणाऱ्या सर-मॅडमना आहे, माझ्याबरोबर ट्रेंचमध्ये उन्हात बसलेल्या मित्रमैत्रिणींना आहे आणि यंदाच पुरातत्त्वाला ॲडमिशन घेतलेल्या पोरापोरींना तर जास्तच आहे. मी नाशिकची. पस्तीस वर्षं या कामात गेली, त्यातली बरीचशी पेठ, सुरगाणा, त्र्यंबक आणि कळवणच्या डोंगरात पायी फिरण्यात. आता रिटायर होऊन तीन वर्षं झालीत, गुडघे चढ चढू देत नाहीत, आणि जे बोलायचं होतं ते कुठल्याच सेमिनारमध्ये पूर्ण बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा अशी विनंती.

२०११ च्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी एक तरुण मुलगा घरी आला, भिजलेला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, कोकणा समाजाचा. म्हणाला, मॅडम तुम्ही १९९४ ला आमच्या डोंगरावर आला होतात, आजी सांगते, एक बाई आली होती, दगड वेचत होती आणि फोटो काढत होती. आमच्या जुन्या गावठाणाचा एखादा फोटो असेल तर द्या, वनहक्काच्या दाव्याला लावायचाय, तिकडे म्हणतात तुमच्याकडे काही पुरावाच नाही. मी त्याला चहा दिला आणि माळ्यावरून रजिस्टर काढलं. तो डोंगर सापडला, तारीख सापडली. दीड पान भरून गारगोटीच्या पात्यांची, म्हणजे जुन्या दगडी हत्यारांची वर्णनं होती, लांबी रुंदी रंग सगळं. आणि जुन्या गावठाणाबद्दल एकच ओळ होती, माझ्याच अक्षरात: ‘पूर्वेच्या उतारावर अलीकडची मोडकी वस्ती. दखल नको.’

फोटो एकही नव्हता. तेव्हा ३६ फोटोंचा रोल असायचा आणि तो जपून वापरायचा, सगळा रोल मी पात्यांवर संपवला होता. ती ओळ त्या मुलाला वाचून दाखवताना मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. तो काही रागावला नाही, उलट म्हणाला, ही ओळ तरी झेरॉक्स करून द्या, वस्ती होती असं लिहिलंय ना तुम्ही. पण त्या ओळीत ‘अलीकडची’ असा शब्द होता, आणि तो शब्द मी कुणालाही न विचारता, जागेवर पाच मिनिटं उभं राहून लिहिला होता.

मी तो शब्द का लिहिला? कारण मला तसंच शिकवलं गेलं होतं, आणि मला वाटतं तुम्हालाही तसंच शिकवलं जातंय. आपल्याकडे साईट म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? नाशिकचंच घ्या. पांडवलेणी, २४ लेणी. सिन्नरचा गोंदेश्वर. अंजनेरीची देवळं. मग गोदाकाठची मातीची गढी, जिथे १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव सरांनी खणलं आणि त्याच वेळी प्रवरेकाठी जोर्वे खणलं, त्यातून ताम्रपाषाणयुगाचा, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरायच्या काळाचा, आख्खा एक अध्याय उभा राहिला. माझं बालपण जुन्या नाशकातलं, पावसाळ्यात गढीची माती ढासळली की आम्ही पोरं खापरं वेचायला जायचो, आजी ओरडायची. त्या खापरांनीच मला या धंद्यात आणलं, त्यामुळे त्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. गंगापूरच्या अलीकडे-पलीकडे नदीच्या वाळूगोट्यांत सांकलियांना अश्मयुगातली हत्यारं मिळाली, म्हणजे या खोऱ्यात माणूस लाखो वर्षांपासून आहे हे आपल्याला त्यांच्यामुळे कळलं. पण अश्मयुगापासून सातवाहनांपर्यंत आणि तिथून यादव-मराठ्यांपर्यंत आपण ज्या रस्त्याने येतो, त्या रस्त्यावर डोंगरातले पाडे लागतच नाहीत. महादेव कोळी, कोकणा, वारली, भिल्ल, ठाकर, काथोडी ही माणसं आपल्या पुस्तकात येतात ती फक्त तुलनेसाठी.

हे मला फार खटकतं म्हणून जरा सविस्तर सांगते. इनामगाव, पुणे जिल्ह्यातली ताम्रपाषाणयुगातली वस्ती. १९६८ ते १९८२ असं वर्षानुवर्षं काम चाललं, घोडनदीच्या काठी, शंभराच्या वर घरं उकलली, घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुलं, पाण्याचा पाट, धान्याच्या कणग्या, काय काय मिळालं. जगात नाव झालं आणि ते योग्यच झालं. तिथल्या शेवटच्या काळात, म्हणजे इ. स. पूर्व १००० ते ७०० च्या सुमारास, पाऊसमान बिघडलं असावं, लोक गरीब झाले आणि चौकोनी मोठ्या घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या असं ढवळीकर सरांनी मांडलं. त्या गोल झोपड्या समजून घ्यायला मग आसपासच्या पारध्यांच्या झोपड्या पाहिल्या गेल्या. पद्धत म्हणून त्यात चूक नाही, मी स्वतः ती आयुष्यभर वापरली, कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा किती जाड लागतो आणि तो पडल्यावर त्याचा ढिगारा कसा दिसतो हे मी सुरगाण्यात जिवंत घरं बघूनच शिकले. पण विचार करा, आपण पारध्याच्या दारात गेलो, त्याची झोपडी मोजली आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच कुणाचा तरी इतिहास लिहिला. त्या पारध्याला आपण विचारलं का की तुझा आजा कुठे राहायचा, त्याची झोपडी कुठे होती, ती जागा दाखवतोस का? त्याचं आजचं घर आपल्याला उपयोगाचं, त्याचा कालचा इतिहास मात्र आपल्या विषयात बसत नाही. जणू तो माणूस तीन हजार वर्षं एका जागी गोठून बसलाय.

आणि तो गोठलेला नाहीये हे डोंगरात एक महिना राहिलं तरी कळतं. पाडा उठतो. हा तिकडचाच शब्द आहे, पाडा उठला. झरा आटला, एका वर्षात चार-पाच मरणं झाली, वाघाने गुरं नेली, भावाभावांत वाटण्या झाल्या, सावकाराने गांजलं, जंगल राखीव झालं, अशा कशानेही. १८७८ च्या वन कायद्यानंतर डोंगरांवर हद्दी आखल्या गेल्या, त्यानंतर तर कित्येक ठिकाणी लोकांनी उठायचं ठरवलं नाही, त्यांना उठवलं गेलं. त्याच आजींनी, त्या मुलाच्या आजीने, नंतर मला त्यांच्या पाड्याच्या तीन जागा सांगितल्या, सगळ्यात जुनी जागा त्यांनी स्वतः पाहिलेली नव्हती पण त्यांच्या सासूने दाखवलेली होती, आणि प्रत्येक जागा का सोडली त्याचं कारण त्यांना तोंडपाठ होतं. मी विचारलं, मावशी, हे तेव्हाच का नाही सांगितलं, मी आले होते तेव्हा? त्या म्हणाल्या, “बाई, तू ईचारलंच नाय. तू खाली मान घालून दगड पाहत होतीस.”

पांडवलेण्यांवर तुम्ही सगळे गेला असाल, नसाल तर जा. तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन आदेश कोरलेले आहेत. राज्याच्या अठराव्या वर्षीच्या आदेशात तो भिक्षूंना कखडी गावातलं २०० निवर्तनं (जमिनीचं तेव्हाचं माप) शेत देतो. मग चोविसाव्या वर्षी राजा आणि राजमाता मिळून गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे अधिकाऱ्याला, पुन्हा लिहितात, की आम्ही दिलेलं कखडीचं शेत कसलं जात नाही आणि ते गावही वसलेलं नाही, म्हणून आता नगराच्या शिवेवरच्या आमच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तनं द्या. साधारण १९०० वर्षांपूर्वी या नाशकाजवळचं एक गाव उठलं आणि त्याची नोंद दगडात कोरली गेली. का उठलं, तिथली माणसं कुठे गेली, त्यावर एक अक्षर नाही. नोंद झाली कारण भिक्षूंचं उत्पन्न बुडत होतं. एमएच्या पोरांना मी हा लेख शिकवताना निवर्तन म्हणजे किती, अमात्याचा अधिकार काय, हे सगळं शिकवायचे, आणि कखडीच्या लोकांचं काय झालं हा प्रश्न माझ्या डोक्यात यायला माझी निम्मी नोकरी जावी लागली.

आता मुद्द्याचं. जंगलात राहणाऱ्यांना ते कसतात त्या वनजमिनीचा हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ पासून लागू. त्यातला १३ वा नियम पुरातत्त्वाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलाच पाहिजे असं माझं मत आहे, कारण तो जवळजवळ आपल्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. पुरावा म्हणून काय चालेल त्याची त्यात यादी आहे. रेशनकार्ड, मतदार यादी, गॅझेटियर हे तर आहेच. पण त्याचबरोबर घरं, झोपड्या, सपाट केलेली जमीन, घातलेले बांध. जुनेपण दाखवणाऱ्या पारंपरिक रचना, म्हणजे विहिरी, दफनाच्या जागा, देवाच्या जागा. सामूहिक हक्कासाठी तर लोकांनी बांधलेल्या वास्तूंचे अवशेष आणि देवराया सुद्धा. म्हाताऱ्या माणसांचे लेखी घेतलेले जबाब. आणि नामांकित संस्थांनी केलेले अभ्यास. असे एकापेक्षा जास्त पुरावे बघून निर्णय करायचा असं नियम सांगतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने हेही स्पष्ट केलं की अमुकच कागद पाहिजे असा हट्ट धरून दावा फेटाळायचा नाही, आणि सॅटेलाईटचा फोटो बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून घ्यायचा, त्याच्या जागी नाही.

आदिवासी माणसाला जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा आहे एवढंच दाखवायचंय, बिगरआदिवासी वननिवासींना मात्र तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं. मग कुणी म्हणेल, २००५ चं दाखवायला पुरातत्त्व कशाला हवं. हवं अशासाठी, की प्रत्यक्षात समोरून येणारा आरोप नेहमी एकच असतो, हे लोक बाहेरून आले, कालपरवा झाडं तोडून घुसले. पाडा हललेला असला की हा आरोप अजून सोपा होतो, कारण आज घर जिथे आहे तिथे वीस वर्षांपूर्वी नव्हतं हे खरंच असतं. ते दीड किलोमीटरवर, त्याच डोंगराच्या दुसऱ्या सोंडेवर होतं, आणि ते सांगणारी गोष्ट फक्त जमिनीत आणि म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. जमिनीतलं वाचणं हे आपलं काम आहे की नाही?

मार्च २०१८ मध्ये ६ तारखेला नाशिकच्या सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला तेव्हा मी बघायला गेले होते. त्यात सुरगाणा-पेठ-दिंडोरीच्या बायका किती होत्या, साठी ओलांडलेल्या, काहींच्या पायात चपला नव्हत्या, आणि १२ तारखेला हे सगळे मुंबईत आझाद मैदानात पोचले, साधारण १८० किलोमीटर चालून. मुख्य मागण्यांतली एक, कसतो ती वनजमीन नावावर करा. मला त्या गर्दीत ओळखीचे चेहरे दिसले. ज्यांच्या घरात मी नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजणं खाऊन सर्व्हे केले होते ती माणसं. पुढच्याच वर्षी, १३ फेब्रुवारी २०१९ ला, दावे फेटाळले गेलेल्या लोकांना जमिनीवरून काढा असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला आणि २८ तारखेला त्याला स्थगिती मिळाली. ते पंधरा दिवस डोंगरातून मला किती फोन आले. सगळ्यांचं एकच, मॅडम तुमच्याकडे काही लिहिलेलं आहे का आमच्याबद्दल?

आपल्याला वाटतं की कोर्टकचेरी हे आपलं क्षेत्र नाही, आपण शास्त्रज्ञ, आपण बाजू घेतली तर आपल्या शब्दाची किंमत जाईल. मला हे तरुणपणी पटायचं. पण बाहेर काय झालंय ते बघा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मेअर्स नावाचं बेट आहे, तिथे कंपनी लाकूडतोडीला आली तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांनी विरोध केला, आणि १९८५ मध्ये कोर्टाने तोड थांबवली. त्या लढ्यात सीडरच्या जुन्या झाडांवरच्या खुणा नोंदवल्या गेल्या. कपड्यासाठी, टोपल्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी झाडाची साल सोलून नेलेली, झाड न मारता, आणि खोडाच्या वलयांवरून ती साल कुठल्या वर्षी काढली तेही सांगता येतं. १९९७ मध्ये तिथल्याच सुप्रीम कोर्टाने डेलगामूक खटल्यात म्हटलं की तोंडी परंपरेने आलेल्या इतिहासाला कागदी पुराव्यासारखंच वजन द्यायला पाहिजे. तिथल्या पुरातत्त्ववाल्यांनी काही खोटं लिहिलं नाही, त्यांनी फक्त झाडाला साईट मानलं. आपल्याकडे जुन्या गावठाणावर ओळीने लावलेले आंबे असतात, मोह असतो, चिंच असते, आपण त्यांच्या सावलीत डबा खातो आणि उठून जातो.

डोंगरातल्या वस्तीचं काहीच उरत नाही, पावसात सगळं वाहून जातं, असं मला पुण्यात एका मोठ्या माणसाने सुनावलं होतं. उरतं. कारवीचा कूड दोन-चार पावसाळ्यांत जातो हे खरं, पण जोत्याचे दगड राहतात. चुलीखालची भाजून लाल झालेली माती राहते. जमिनीत पुरलेलं दगडी उखळ राहतं, कारण ते इतकं जड असतं की पाडा उठताना कुणी नेत नाही. फुटलेल्या जात्याची तळी राहते. आणि माती राहते. गावाच्या जागेला आपण पांढर म्हणतो आणि शेताला काळी, ते उगाच नाही, राख, शेण, उष्टं-खरकटं, गुरांचं मूत, हे सगळं मुरून माती भुसभुशीत आणि फिकी होते, तिच्यात फॉस्फेट वाढतं आणि ते शेकडो वर्षं तिथून हलत नाही. साधी मातीची टेस्ट केली तरी वस्तीची हद्द काढता येते. नागली-वरईची पानं-काडं कुजून जातात पण त्यांच्यातले गारेचे सूक्ष्म कण मातीत तसेच राहतात, मायक्रोस्कोपखाली दिसतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला जुन्या पांढरीवर टाकळा जो दाट उगवतो तो बाजूच्या मुरमाड उतारावर तसा येत नाही, लांबूनच जागा कळते. हे मला कुणा प्रोफेसरने नाही सांगितलं, गुरं चारणाऱ्या एका पोरीने सांगितलं.

काळ ठरवायला मात्र कष्ट आहेत. शेवटच्या तीनेकशे वर्षांसाठी कार्बन डेटिंग फारसं कामाचं नाही, १६५० नंतर कार्बनवरून साल काढायचा आलेख असा सपाट आणि वाकडातिकडा होतो की एका कोळशाला चार-चार शक्य तारखा मिळतात. म्हणून बारीकसारीक वस्तूंकडे बघावं लागतं. काचेची बांगडी. विळ्याचं पातं. मंगलोरी कौलाचा तुकडा मिळाला तर तो थर १८६० च्या दशकाच्या आधीचा नाही, कारण मंगळूरचा कौलांचा कारखानाच तेव्हा सुरू झाला. राणीछाप नाणं मिळालं आणि त्यावर ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ असेल तर ते १८७७ च्या नंतरचं. त्या मुलाच्या जुन्या गावठाणावर आम्हाला असं एक नाणं मिळालं, गळ्यात घालायला भोक पाडलेलं, मागच्या बाजूला घासून घासून गुळगुळीत झालेलं. जोत्याच्या दगडाखाली होतं. आजींनी ते हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

हो, आम्ही परत गेलो. २०११ च्या दिवाळीनंतर तीन दिवस, मी, तो मुलगा, त्याची आजी डोलीत, आणि पाड्यावरची दहा-बारा माणसं. चौदा जोती मोजली, तीन उखळं, बांधांच्या पाच रांगा, गावदेवाची जागा, एक बुजलेला झरा. नकाशा काढला, आजींचा जबाब लिहून घेतला, ग्रामसभेने ठराव केला, आणि मी मराठीत सहा पानांचा रिपोर्ट लिहून दिला. पहिल्या फेरीत दावा गेलाच, पुरावा अपुरा म्हणून. अपिलात मंजूर झाला, मागितला होता त्यापेक्षा कमी क्षेत्राचा. आजी तोवर नव्हत्या. १९९४ ला मी त्या ‘दखल नको’च्या जागी अर्धा तास थांबून चार प्रश्न विचारले असते तर त्यांच्या हयातीत काम झालं असतं का, हे मला माहीत नाही, पण हा विचार माझ्या मनातून जात नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, हे काम करायचं म्हणून उद्या कुदळी घेऊन डोंगर चढू नका. मी नवीन असताना ज्या टीममध्ये होते तिथल्या प्रमुखांनी एक दगडांची रास महापाषाणयुगातली, म्हणजे मोठ्या दगडांची थडगी रचायच्या काळातली असेल म्हणून उकलायला लावली. दुपारी गावातली माणसं आली, ओरडली नाहीत, नुसती बाजूला बसून राहिली. ती त्यांच्या माणसांची जागा होती, अजूनही तिथे वर्षाला नारळ फुटत होता. आम्ही दगड परत रचले, पण ते जसे होते तसे काही रचता आले नाहीत. म्हणून आधी ग्रामसभेत जा, बसा, काय करायचंय ते सांगा, नको म्हणाले तर परत या. बहुतेक वेळा खणायची गरजच नसते, मोजायचं, काढायचं, ऐकायचं. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवाच्या वेळी कळवण-सुरगाण्यात बोलावलं तर नक्की जा, पावरी वाजत असते, माणसं डोंगरातल्या गुहेपर्यंत जातात, त्या वाटेनं त्यांच्याबरोबर चाललात तर कुठल्या टेकडीला कुणाचं नाव का आहे ते आपोआप कळत जातं. इतिहासकार दा. ध. कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या अशाच पायी फिरले, गारगोट्या वेचता वेचता धनगरांच्या देवांबद्दल विचारत, आणि त्यातून त्यांनी केवढं लिहिलं. आणि देवाच्या, दफनाच्या जागांचे जीपीएस आकडे छापू नका, मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये तर अजिबात टाकू नका. गुप्तधनाच्या नादात खड्डे पाडणारे लोक ते वाचतात, त्यांनी पाडलेले खड्डे मी पाहिलेत.

आणि जे सापडेल तेच लिहा. एखादी जागा चाळीस वर्षांपूर्वीचीच निघाली तर चाळीसच लिहा, कुणाला बरं वाटावं म्हणून चारशे करू नका. काही नाही सापडलं तर ‘काही मिळालं नाही’ लिहा पण त्याचा अर्थ ‘इथे कुणी राहत नव्हतं’ असा होत नाही हेही त्याच पानावर लिहा, कारण तुमचं ते वाक्य उद्या कुणाच्या तरी विरोधात वापरलं जाईल. ‘अलीकडचं’ हा शब्द लिहायचा असेल तर समोर साल लिहा आणि ते कशावरून ठरवलं ते लिहा. आणि रिपोर्टची एक कॉपी, मराठीत, नकाशासकट, ग्रामसभेकडे गेली पाहिजे. आपण इंग्रजीत लिहितो, ते पुण्या-मुंबईच्या लायब्ररीत जातं, ज्या माणसाने आपल्याला वाट दाखवली त्याच्या घरात आपला कागदसुद्धा पोचत नाही.

वेळ कमी आहे म्हणून हे आत्ता लिहितेय. पार-तापी-नर्मदा, नार-पार-गिरणा अशा नदीजोडच्या योजनांची चर्चा तुम्ही ऐकली असेल, त्यांच्यासाठी सुचवलेल्या धरणांच्या जागा याच सगळ्या पट्ट्यात आहेत. धरणं व्हावीत की नकोत हे तिथल्या लोकांनी ठरवायचं, त्यांची आंदोलनं चालूच असतात. पण आंध्रातलं नागार्जुनकोंडा धरणात बुडणार होतं तेव्हा १९५४ ते १९६० अशी सहा वर्षं आख्खं खोरं तपासलं गेलं, स्तूप-विहार उचलून टेकडीवर नेले गेले, ते आपण अभिमानाने शिकवतो. बुद्धाच्या स्तूपासाठी जे केलं ते कोकणा माणसाच्या पाड्यासाठी करायला काय हरकत आहे? निदान जोती तरी मोजा, म्हाताऱ्या माणसांचं रेकॉर्डिंग तरी करा. त्या मुलाच्या आजीसारख्या बायका आता फार थोड्या उरल्यात, दर पावसाळ्यानंतर एखादी कमी झाल्याचं मला कळतं.

खात्याला माझी विनंती अशी की सर्व्हेच्या फॉर्ममध्ये उठलेल्या पाड्यांसाठी एक रकाना वाढवा. विद्यापीठांना अशी, की एमएच्या फील्डवर्कमधले दहा दिवस तरी यासाठी ठेवा आणि शक्यतो पेठ-सुरगाण्याचीच मुलं त्यात घ्या, त्यांना भाषा येते, वाटा माहीत असतात, आणि तिथून पुरातत्त्वाला येणारी मुलं मला वर्गात हाताच्या बोटावर मोजण्याएवढीच भेटली. त्यांची फी, राहणं, जेवण याची सोय आधी करा, मग ॲडमिशनची जाहिरात द्या.

माझ्याकडे तेवीस रजिस्टरं आहेत. त्या सगळ्यांतून ‘अलीकडचं’, ‘दखल नको’, ‘आधुनिक’ असे शेरे मी लाल पेनाने खुणा करून ठेवलेत. आत्तापर्यंत एकशे सात जागा निघाल्यात. सुरगाण्याच्या दोन मुली शनिवारी घरी येऊन त्यांची यादी कॉम्प्युटरवर घेतायत, कुठल्या जागेचा कुठला पाडा ते त्या फोन करून शोधतात. अठरा जागांचे पाडे सापडले. बाकीच्या एकोणनव्वद जागांवर कुणीतरी चालत जायला हवंय, माझ्याने आता होत नाही. दिवाळीनंतर डोंगर कोरडा असतो आणि गवत कापून झालेलं असतं, तेव्हा जोती नीट दिसतात. ज्याला यायचंय त्याने नुसतं कळवा, रजिस्टरं आणि नकाशे मी देईन, पाड्यावर राहायची सोय त्या मुली करतील. येताना ट्रॉवेल (खणायची छोटी थापी) आणलं नाही तरी चालेल, टेप, जाड वही आणि बोलायला वेळ आणा.

तुमची,
नाशिकची एक रिटायर्ड पुरातत्त्ववाली